दोन वेटोळी

आमची दीपा बेंगलोरहून आली तेव्हापासून तिचं वागणं मला पटलं नाही. फोनच्या पोटातली चिप बनवणारी पोरगी, अन् स्वतःचा फोन गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत कोंडून ठेवते. "पत्र्यात लहर शिरत नाही आजी, वाजणारच नाही," म्हणे. चार दिवस माझ्यासोबत कापूस वेचला, पण तोंडातून शब्द नाही. यंदा कापसाला भाव नाही म्हणून आमचं फुलसावंगी गाव सारं मुकं झालं होतं. हिला काय झालं?

पाचव्या दिवशी पऱ्हाटीत मी तिची कापसानं भरलेली ओटीच धरली. "काय वं, नातजावई पाह्यला का एखादा? का कोणाचा खून करून आली?"

हसली नाही. काडी घेतली अन् काळ्या मातीत दोन वेटोळी काढली, अगदी शेजारी शेजारी.

"टॉवरचा सिग्नल येते तवा मराले टेकलेला असते, आजी. त्याले मोठं करायचं काम माह्या चिपचं. ह्या तारेच्या वेटोळ्यातून आत, ह्यातून बाहेर. जागा वाचवाले मी दोन्ही जवळ आणली. बाहेर गेलेला सिग्नल परत आत शिरला. आता चिप आपल्या मनानंच ओरडून राह्यली."

"विहारातला माइक भोंग्यापुढं नेला की कुईं करते, तसं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तसंच."

"मंग दूर काढ न. रडते कायले?"

"तपासणी माह्यासोबत काम करते त्या निकितानं केली. साहेबाले वाटते, तिनंच तार चुकीची जोडली. उद्या तिले काढतीन. अन् मी गप्प बसून पळून आली." मग हळूच म्हणाली, "मी कबूल केलं तं म्हणतीन, या लोकायले जमतच नाही."

येत्या जयंतीला हिचा विहारात सत्कार करा म्हणून मीच विहार कमिटीच्या भगवानरावांच्या मागं लागली होती. सत्कार गेला चुलीत. पण ते शेवटचं वाक्य मीही जन्मभर ऐकलं, अन् त्याच्या भीतीनं कितीदा तोंड शिवलं. पदरानं तिचा गाल पुसला.

"त्या निकिताच्या घरी आजी नसन का वं?"

एवढंच विचारलं. ती उठली, तडक घरी गेली. मी मागोमाग पोचली तोवर फोन कानाला लावून अंगणात उभी होती. बोलणं सारं इंग्रजी. मला एक निकिताचं नाव तेवढं समजलं.

फोन ठेवून ती माझ्यापाशी आली. "निकिता राह्यते. माह्यं सोमवारी ठरवतीन. नोकरी गेली तं, आजी?"

मी तिचे दोन्ही हात धरले अन् शेजारच्या हंसाबाईलाही ऐकू जाईल असं म्हटलं, "गेली तं जाऊ दे. चुकली तू, अन् आपल्या तोंडानं सांगितलं बी तूच. मले तुह्या चिपातलं काही समजत नाही, पण माणूस समजते. माणूस तू पक्की हायेस. आता हात धू, जेवाले बस."