चंदाच्या जेवणाचा ठराव

आमच्या तांड्यातली चंदा उलटी चालते, म्हणजे हातांवर. शेताच्या धुऱ्यावर, ओट्यावर, देवळाच्या कट्ट्यावरसुद्धा. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या जेवणाची. वांगं लिबलिबीत, म्हणून नको. दुधावर साय, म्हणून नको. अंड्याला वास येतो आणि अंबाडी आंबट लागते, म्हणून दोन्ही नको. मग ही पोरगी खायची काय? साधा भात, तोही कशाला न लागलेला. तिची आई संगीता म्हणायची, "हिनं खाल्लेला एकेक घास मले याद हाये, इतके ते थोडे."

मंगरूळपीरला एजाज सर मुलींना जिम्नॅस्टिक शिकवतात. चंदा शाळा सुटली की एस.टी. पकडून तिथं जायची. एक दिवस सरांनी संगीताला बोलावून घेतलं.

"पोरगी हुशार आहे, पण अंगात जोर नाही. बीमवर चढली की पाय थरथरतात. अमरावतीच्या स्पर्धेला नावं पाठवायची आहेत. अशीच राहिली तर मी तिचं नाव देणार नाही, बाई. त्या उंचीवरून चक्कर येऊन पडली तर मान मोडते."

ज्या पोरीनं सगळ्या सुट्ट्या त्या उंच, अरुंद लाकडी बीमवर घालवल्या, तिला हे सांगायचं कसं? नाव गेलं नाही तर चंदा पुन्हा हातांवर उभी राहणार नाही, हे आई म्हणून संगीताला पक्कं ठाऊक होतं. तिनं मग एक चूक केली. ही गोष्ट ती नळावर बोलली.

आमच्या नळाला पाणी कमी आणि सल्ला जास्त येतो. रुपाबाई म्हणाली डिंकाचे लाडू. वर्षाराणीनं मोबाईलमध्ये पाहून एव्होकॅडो सांगितलं. ते फळ की भाजी, हे तिलाही माहीत नव्हतं, पण ते रोज खायचं असतं हे माहीत होतं. उदयसिंगनं अकोल्याहून प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणला. घरात सोयाबीनची पोती छताला टेकलेली, आणि ताकदीचा डबा अकोल्याहून! चंदानं डबा हुंगला आणि नाक दाबून पळाली.

अखेर नाईक बाबूसिंगांनी बैठक बोलावली. आमच्याकडं म्हैस हरवली तरी ठराव होतो, मग इथं तर स्पर्धा होती.

"पह्यले आपुन गुरुजीले वार लावून जेवाले घालत होतो," नाईक म्हणाले. "आले तवा काडीवानी होते. बदली झाली तवा सायकलले ते पेलत नोते. पोट्टीलेही वार लावा."

ठरलं. रोज संध्याकाळी चंदा पाळीपाळीनं एकेका घरी जेवणार.

सोमवार गोमतीबाईचा. आपल्या हातची भाकर खाऊन सासरा मरणाच्या दारातून परत आला, असं ही बाई स्वतःच सांगते. तिनं ताटात जागा उरेल असं काही ठेवलं नाही. सगळं घर ताटाभोवती बसलं. "खाय माय, खाय. हा घास घे. अजून येक." चंदानं भाताची चार शितं तोंडात टाकली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोट भरलं."

आता आमच्याकडं एक रीत आहे. आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं, तर त्या घरची बाई चारचौघींत तोंड दाखवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी नळावर गोमतीबाई म्हणाली, "दोन भाकरी खाल्ल्या, बाप्पा!"

मंगळवार रुपाबाईचा. ती कमी कशी सांगणार? "तीन. वरून वाटीभर वरण." वर्षाराणीच्या घरी तर चंदानं कढई पुसून खाल्ली म्हणे. आमच्याही घरी तिनं, आमच्या सांगण्याप्रमाणे, पुरणपोळी मागून घेतली. संगीता हे सगळं ऐकून हसायची आणि घागर उचलून निघून जायची. त्या दिवसांत तांड्यातली कुत्री तेवढी तुकतुकीत झाली.

आणि एका दुपारी एजाज सरांची मोटारसायकल थेट नाईकांच्या ओट्यासमोर थांबली. मागे चंदा होती, मनगटाला पट्टी बांधलेली. गिरकी घेताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती बीमवरून खाली आली. गादी होती म्हणून मनगटावर निभावलं.

"काल ही काय जेवली?" सरांनी विचारलं.

जमलेल्या बायांनी जोरात सांगायला सुरुवात केली. कालचंच नव्हे, परवाचं आणि त्याआधीचंही. भाकरी, वरण, लाडू, कढई. सर ऐकत राहिले.

"एवढं पोटात गेलं असतं तर बीम मोडला असता, पोरगी पडली नसती."

मग चंदाच ओरडली, "मी काईच नाही खाल्लं! सारे माह्या तोंडाकडं पाह्यतात. घास उचलला का मोजतात. बीमवर परीक्षक पाह्यतात तेवढं पुरे नाही काय? तुमी जेवतानीही मार्क देता!"

सर संगीताकडं वळून म्हणाले, "बाई, ताटात थोडं थोडं सगळं वाढा आणि आपापलं जेवा. पाहू नका, विचारू नका. मनगट बरं झालं की बीमवर चढवून बघतो. नावाचं तेव्हाच बोलू."

नाईकांनी तिथल्या तिथं नवा ठराव केला, "आजपासून चंदाच्या तोंडाकडं कोनी पाह्यचं नाही."

आमचा तांडा ठराव पाळतो. चंदा रस्त्यानं निघाली की माणसं भिंतीकडं तोंड करून उभी राहू लागली. उदयसिंग मोटारसायकल चालवत ठराव पाळायला गेला आणि नालीत पडला. चंदा पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसू ऐकून आम्हाला बरं वाटलं.

वार बंद झाले आणि घरी संगीता, तिचा नवरा देवानंद आणि चंदा एकत्र जेवायला बसू लागले. संगीता मान वर करत नव्हती. सुरुवातीला नुसता भातच गेला. एका संध्याकाळी चंदाचा हात वरणाच्या वाटीकडं वळला. देवानंदनं डोळे वर केले, तसा संगीतानं त्याच्या मांडीला चिमटा काढला.

"आई, वरन."

संगीतानं न पाहताच पळी पुढं केली आणि वरण जमिनीवर ओतलं.

"आई, पाह्य ना इकडं! सांडून राह्यली तू!"

संगीतानं पाहिलं. पोरीच्या हनुवटीवर पिवळा ओघळ होता आणि वाटी रिकामी होती. तिला पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. तिनं वाटी भरली आणि पुन्हा आपल्या ताटात डोकं घातलं.

पट्टी सुटल्यावर सरांनी चंदाला बीमवर चढवलं. पाय थोडे थरथरले, पण गिरकी पुरी झाली. सरांनी नाव पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्याजणी हसत होत्या. गोमतीबाई मात्र नळाखाली घागर लावून खाली पाहत होती. शेवटी तीच संगीताजवळ आली.

"पोट्टीनं त्या सोमवारी माह्या घरी काईच खाल्लं नोतं वं. मी खोटं बोलली. माह्या हातची भाकर तिनं तशीच ठेवली, हे कोन्या तोंडानं सांगू?"

"मले माहीत होतं, काकी."

"माहीत होतं? मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमी इचारलं असतं, घरी आईच्या हातचं तरी खाते काय म्हनून." संगीतानं रिकामी घागर खाली ठेवली. "पोट्टीची मान मोडली असती, काकी. अन् मी इथं उभी राहून हसत होती."

ती तिथंच खाली बसून रडू लागली. बाकीच्या बाया आपापल्या बादल्यांकडं पाहत राहिल्या. गोमतीबाईनं नळाखालची आपली अर्धी घागर बाजूला काढली आणि संगीताची लावली.