तात्या केला का?

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. मित्रांनो, भिंत सरळ आहे की कलली आहे, हे मी दोऱ्याला लटकून सांगतो. खोटं बोलणं माझ्या अंगातच नाही.

लेथवर घडून मी एका गवंड्याच्या हाती पडलो. सगळे त्यांना तात्या म्हणत. चार थर झाले की तात्या मला भिंतीला लावून बघत, मग पलीकडे जाऊन पुन्हा लावत. घमेली घेऊन उभी असलेली माणसं वैतागत. "झालं यांचं सुरू!" हळूहळू कामावर कुणीही रेंगाळलं की लोक म्हणू लागले, "तात्या करू नकोस." ते बोलणं गावभर झालं. एकदा तर त्यांची बायकोच लेकीला म्हणाली, "वेणीला किती तात्या करतेस गं!" आणि तिने जीभ चावली. तात्या हसले, पण त्या दिवशी अर्ध्या जेवणावरूनच उठले. मला फार वाईट वाटलं.

गुडघे दुखू लागले तसं त्यांनी काम सोडलं आणि मला गंजक्या खिळ्यांच्या ओलसर डब्यात टाकलं. "जन्मभर राबलो, आणि नाव राहिलं ते रेंगाळण्याला," ते म्हणाले. डब्यात मी वर्षानुवर्षं काळा पडत गेलो.

परवा लेकीने मला बाहेर काढलं. ती आता एका शाळेच्या बांधकामावर मुकादम आहे. "बाबा, एक ओळंबा कमी पडतोय. तुम्हीच घेऊन चला, माझं कामही बघा."

आम्ही पोचतो तोच परांचीवरून एक तरुण गवंडी ओरडला, "तात्या केल्याशिवाय पुढचा थर नाही!"

तात्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मुठीत मी घामाने भिजलो.

"तात्या म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"पलीकडून परत बघणं, आजोबा. मागे एक भिंत कलली, माणसं थोडक्यात वाचली. तेव्हापासून नियमच आहे."

"पण तात्या कोण?"

"कोण म्हणजे? कुणी नाही. कामातला शब्द आहे."

लेक काही बोलणार होती, पण तात्यांनी तिचा हात दाबला. मग असा लांब सुस्कारा सोडला की माझा दोरा हलला. मलाही हायसं वाटलं.

गवंड्याने मला भिंतीला लावलं. भिंत सरळ होती. बोलण्याच्या नादात तो पुढची वीट उचलू लागला.

"अरे, तात्या कर की!" तात्या खालून ओरडले.

मित्रांनो, मला ओल्या डब्यात टाकू नका, अधूनमधून पुसत जा. आणि कुणाच्या नावाची थट्टा करण्याआधी त्या माणसाचं काम पलीकडूनही एकदा बघा.