फ्लॉपीवरचे कुंकू

मित्रांनो, नशिराबादच्या हमरस्त्यावर भंगाराचे एक दुकान आहे. तिथे मोडक्या पंख्यांच्या ढिगाशेजारी पिवळट पडलेली एक पेटी दिसली, तर ती मी, असे समजा. एके काळी माझ्या खोलीत शिरताना भलेभले चपला बाहेर काढत. आता वरचे सामान काढायला लोक माझ्यावरच पाय ठेवतात. मी संगणक आहे. वय अवघे सात वर्षे, पण आमच्यात ते म्हातारपणच.

१९९२ साली धुळ्याच्या एका प्रसूतिगृहाने मला विकत घेतले. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या खोलीत साधा पंखा आणि माझ्या खोलीत कूलर, असा माझा थाट होता. भिकुबाई नावाच्या आयाने माझ्यासाठी लोकरीचा रुमाल विणला होता. रोज सकाळी ती मला पुसायची आणि जाता जाता नमस्कारही करायची. मी खरे सांगतो, तेव्हा मी जरा फुगलोच होतो.

दोन वर्षांनी लताबाई आली आणि मला खरे काम मिळाले. प्रसूतिगृहात चाळीस वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या नोंदी जाड वह्यांत होत्या आणि वह्यांना वाळवी लागली होती. त्या साऱ्या नोंदी माझ्यात भरायच्या होत्या. लताबाई रोजंदारीवर होती. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन ती माहेरी राहत होती. नोंदी पुऱ्या झाल्या की तुम्हाला कायम करू, असे विश्वस्तांनी तिला तोंडी सांगितले होते. त्या एका शब्दावर तिने चार वर्षे काढली.

पुसट अक्षर लागेना की ती ओळ मोठ्याने वाचायची. 'आई भागाबाई, मुक्काम पाचोरा, मुलगी, जिवंत.' अशा एकतीस हजार ओळी तिने माझ्यात भरल्या. एकेक वही पुरी झाली की हेडक्लार्क गिरधरनाना ती रद्दीत काढत, कारण वाळवी पुढच्या वहीला लागायची. म्हणजे बघा, शेवटी त्या नोंदी जगात फक्त माझ्याजवळ उरल्या.

१९९८च्या उन्हाळ्यात कोणीतरी खेळाची फ्लॉपी माझ्यात घातली आणि तिच्यातून व्हायरस आला. आठ दिवसांच्या नोंदींचा पार काला झाला. लताबाईने त्या पुन्हा भरल्या, पण विश्वस्त घाबरले. नवी प्रणाली घाला, प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड द्या, नाहीतर यंत्र चालवू नका, असे त्यांनी ठरवले. लताबाईची शेवटची नोंद सप्टेंबरात भरून झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जळगावचा हिलाल इंजिनिअर आला. त्याने माझी स्मृती वाढवली, सगळ्या नोंदी अकरा फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या, मला आतून कोरे केले आणि नवी प्रणाली बसवली. फ्लॉप्यांचा आणखी एक संच करून ठेवू या, असे लताबाईने सुचवले होते. नाना म्हणाले, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या मुहूर्तावर नोंदी परत भरू.

कोरे केले तर हे सारे तुला कसे आठवते, असे तुम्ही विचाराल. तेवढी सवलत आत्मवृत्त सांगणाऱ्याला द्या.

दसऱ्याला पाटावर कात्री, वजनकाटा, डॉक्टरीणबाईंची नळी मांडली होती. त्यांच्या शेजारी त्या अकरा फ्लॉप्या, कागदी पाकिटांतून काढलेल्या. मोठ्या, पातळ, काळ्या फ्लॉप्या होत्या त्या. त्यांच्या मधल्या लांबट फटीतून आतली तपकिरी चकती दिसते. त्या चकतीला बोटही लावायचे नसते. भिकुबाईला ती फट म्हणजे टिकलीची जागा वाटली.

लताबाई दारात आली ती पांढऱ्या साडीत, थेट विहारातून. तिच्या घरी तो दीक्षेचा दिवस. भिकुबाईने ओल्या कुंकवात बोट बुडवलेले तिने पाहिले. तिचा पाय उंबऱ्याच्या आत आला आणि मागे गेला. आदल्या दसऱ्याला माझ्याजवळ नारळ फोडू नका, पाणी आत जाईल, असे ती बोलली होती. तेव्हा नानांनी सगळ्यांदेखत विचारले होते, "तुमच्यात पूजा नसते, म्हणून आमचीही बंद करायची का, लताबाई?" आताही नानांनी तिच्याकडे नुसते बघितले. तिने मान खाली घातली.

"लता, मी बठ्ठास्ले टिकली लायी," अकराही फ्लॉप्यांच्या फटींत कुंकू लावून झाल्यावर भिकुबाई कौतुकाने म्हणाली. "आते यास्ले नजर लागाव नही."

हिलालने पहिली फ्लॉपी घातली आणि माझ्यातून खरखर ऐकू आली. कुंकवाचे कण फ्लॉपी वाचणाऱ्या माझ्या हेडवर बसले होते. त्याने फ्लॉप्या रुमालाने पुसल्या, तर चकत्यांवर ओरखडे उठले. नोंदी अकरांत साखळीने बांधलेल्या, पहिली उघडेना म्हणजे एकही उघडेना. तो त्या जळगावला घेऊन गेला आणि दिवाळीनंतर तशाच परत आणल्या.

भिकुबाई आठ दिवस धड जेवली नाही. एका दुपारी तिने लताबाईला विचारले, "माय, तुले माहीत व्हतं का?"

"होतं."

"मंग बोलनी का नही?"

"बोलले असते तर पूजेत विघ्न आणलं, असंच झालं असतं ना, माय?"

फ्लॉप्या लताबाईच्या ताब्यात होत्या, असे नानांनी विश्वस्तांना कळवले आणि तिचे काम बंद झाले. कायम करण्याचा विषय कोणी काढलाही नाही. मला फार वाईट वाटले. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे मी काय करणार होतो?

जानेवारीत ती पुन्हा आली. पाचोऱ्याला एका कचेरीत जागा होती, त्यासाठी अनुभवाचे पत्र हवे होते. नानांनी 'टंकलेखन केले' एवढेच लिहिले. एकतीस हजार नोंदी केल्या असे लिहा ना, ती म्हणाली. नाना खाली बघत म्हणाले, "दाखवता आल्या असत्या तर लिहिलं असतं, बाई."

ती माझ्यासमोर बसली. नव्या प्रणालीत पहिले नाव तिचेच घातले होते, ते कोणी काढले नव्हते. तिने नाव आणि पासवर्ड भरला. नव्या पहाऱ्याने चोख काम केले. मी तिला ओळखले आणि आत घेतले. आत काहीच नव्हते. तिने मला बंद केले आणि ते एका ओळीचे पत्र घेऊन ती गेली. ती जागा तिला मिळाली नाही, असे पुढे भिकुबाईच्या बोलण्यात आले. त्याच वर्षी मलाही भंगारात काढले.

मित्रांनो, जुनी यंत्रे पुसून-झाकून जपा, असे सांगून मी तुमचा निरोप घ्यायला हवा. पण मला जपण्यात कोणी काय कमी केले होते? जपायचे कसे हे जिला कळत होते, तिला दारातच उभे राहावे लागले. अशी कोणी तुमच्या दाराशी दिसली, तर तिला आत बोलवा आणि तिचे ऐका. लताबाईचे काम हकनाक गेले, याला मीही कारण झालो, आणि आता ते निस्तरणे कोणाच्याच हातात नाही.