पुसली जाता जाता वाचलेली मी

मी हार्ड डिस्क बोलतेय. बोलतेय म्हणजे घरघरतेय. वीज मिळाली की गरगर फिरायचं, गेली की जीव टांगणीला. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

सुरतेत बमरोलीला बन्सीलालांच्या घरी माझं बस्तान होतं. ते साड्यांच्या काठांची नक्षी कागदावर काढायचे. पुढे डोळे अधू झाले. मग त्यांच्या लेकीने, योगिताने, सगळी नक्षी स्कॅन करून माझ्यात भरली. तिच्या भावाने, चेतनने, नोकरीसाठी नाशिकला जाण्याआधी मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून माझ्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली तापीचं पाणी घरात शिरलं. कागदांचा लगदा झाला. कॉम्प्युटर कपाटावर चढवला होता, पण नंतर वीज आली ती त्याला जाळूनच गेली. उरले मी एकटी. मला पिशवीत घालून बापलेक भूपेंद्रच्या रिपेरिंगच्या दुकानात आले. तोही त्यांच्यासारखाच खानदेशातला, अहिराणी बोलणारा.

"काका, हिनामा विंडोजच शे ना?"

"हा, हा, विंडोजच," बन्सीलाल ठामपणे म्हणाले. बाजारात सगळे तेच म्हणतात, म्हणून त्यांना वाटायचं, कॉम्प्युटरमध्ये दुसरं काही असतच नाही.

भूपेंद्रने मला आपल्या मशीनला जोडलं. त्याच्या मशीनवर लिनक्सच होतं. डिस्क उघडायला तिथे 'माउंट' नावाची आज्ञा द्यावी लागते. डिस्कची मांडणी कुठल्या प्रकारची ते तिला सांगितलं, तर ती तेवढंच तपासते. त्याने सांगितला विंडोजचा प्रकार. माउंट आली, तेवढंच बघितलं आणि चुकीचा प्रकार म्हणून परत फिरली. अगं, मी दुसऱ्या प्रकारची आहे! पण माझं ऐकतंय कोण?

"काका, गई ही. फॉरमॅट करी देस, नवी व्हई जाई."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, माझं स्मशान. त्याचं बोट खाली आलं.

"थांब ना भूपेंद्रभाऊ!" योगिता ओरडली. "चेतनदादानी सीडीवर पेंग्विन व्हता!"

"अरे, पहिले सांगानं ना! पेंग्विन म्हंजे लिनक्स शे."

या वेळी त्याने प्रकार सांगितलाच नाही. माउंटने माझ्यावरची खूण स्वतः वाचली, आणि मी उघडले. पडद्यावर नक्षी आली. बन्सीलालांनी काचेला नाक लावलं, काठावरून बोट फिरवलं. "हाई मनीच वेल शे, मी काढेल," ते म्हणाले आणि रडू लागले.

आता नक्षीची दुसरी प्रत झाली आहे. मी म्हातारी झाले, फिरताना खडखडते. तरी धास्ती जात नाही. कधी तुमच्या हाती लागले आणि उघडले नाही, तर एवढं करा. मला गेली म्हणू नका, आधी माझी खूण वाचा.