पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन

माझ्या पित्ताशयात एकही खडा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नंतर राहायला नको. मी मुंबईला जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, जठर छोटं करून घेतलं, आणि रत्नागिरीला मांडवीत परत येऊन अख्ख्या आळीला सांगितलं की पित्ताचे खडे काढले.

खोटं का बोललीस, असं आता कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. एकदा जाडं होऊन बघा ना रत्नागिरीत! रिक्षावाला म्हणतो, "वहिनी, जरा मधोमध बसा." लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढावं, तर मागून कुणीतरी म्हणतं, "सांभाळून हं, फळ्या भाड्याच्या आहेत." सगळे हसतात आणि आपणही हसायचं. बरं, ऑपरेशन केलं म्हणून सांगितलं असतं, तर हेच लोक म्हणाले असते की हिने काय केलं, डॉक्टरने केलं. ते ऐकून घ्यायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. त्यामुळे खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा माझा नवरा सुजय, तो बोटीवर नोकरीला. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंनासुद्धा पत्ता नव्हता.

वजन भराभर उतरायला लागलं आणि बायका मागे लागल्या. काय करतेस, काय खातेस, सांग ना गो. मी सहज बोलून गेले, "सकाळी भाट्याच्या समुद्रावर वाळूत चालते आणि भात बंद." झालं! दुसऱ्या दिवशी शेजारची चिमा पंजाबी ड्रेस घालून दारात हजर. चिमा माझ्याहून जाड. मग तिच्या ओळखीच्या आल्या, त्यांच्या ओळखीच्या आल्या. रोज सकाळी पूल ओलांडून आम्ही सुरूच्या झाडांकडे जायचो आणि तिथून वाळूत चालायचो. मी पुढे, सगळ्या मागे. आई तर देवळात, बाजारात, दिसेल त्याला सांगायच्या, "आमच्या योगिनीने जिद्दीने उतरवलं हो!" मला इतकं बरं वाटायचं, काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासारखं व्हायला बघत होतं.

आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत. घास जरा मोठा झाला की छातीत अडकायचा, उतरेना आणि वर येईना. गोड खाल्लं की दरदरून घाम, छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधार. मोरीत केसांचे पुंजके. पुढे पुढे तर साधी आमटीसुद्धा राहीना. नळ सोडून ठेवायचा आणि उलटी करायची, म्हणजे आईंना ऐकू जात नाही. नुसत्या पेजेच्या निवळीवर दिवस काढत होते. आई म्हणायच्या, "पित्त अजून गेलं नाही गो तुझं." मी मान हलवायची.

आणि गोळ्या. हॉस्पिटलने सांगितलं होतं, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. त्या गिळल्या की उलटी. शिवाय आईंना कपाट आवरायची हौस, एवढाले डबे बघून विचारतीलच की पित्ताला ह्या कशाला. इंजेक्शन घ्यावं, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली कमळा सिस्टर आमच्याच आळीतली. तिला सकाळी कळलं की दुपारी मच्छी मार्केटात कळणार. शेवटी एका सकाळी बायकांना पुढे पाठवलं आणि भाट्याच्या पुलावरून सगळे डबे खाडीत सोडून दिले. सुटले, असं वाटलं. बघा माझी अक्कल.

पुढे पायाला मुंग्या यायला लागल्या. वाळूत एक चप्पल निसटून मागे राहिली आणि मला कळलंच नाही. चिमाने ती उचलून आणली. "अगो, पायात चप्पल आहे की नाही एवढंही समजत नाही?" सगळ्या हसल्या, मीही हसले. खरंच समजलं नव्हतं मला. घरी येऊन पायाला चिमटे काढत बसले. त्यानंतर चालताना पाय फाकून टाकायला लागले, बोटीतून उतरलेली माणसं चालतात तशी. मागच्या बायकांना वाटलं ही चालायची नवीन पद्धत, त्याही तशाच चालायला लागल्या. हसावं की रडावं!

घाबरून मी न्हाणीघरातून मुंबईच्या हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज एकदम बदलला. म्हणाल्या, "आजच्या आज तिथल्या डॉक्टरकडे जा. आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोजची बाटली. उलट करू देऊ नका. आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूवर बेततं, आठवण जाते, माणूस जातो. आणि ऑपरेशन झालंय हे पहिलं सांगा, नाहीतर त्यांना कळणार कसं?" मी हो हो म्हटलं. सुजयला उलट्या होतात एवढंच कळवलं, तर तो बोटीवरून ओरडला, "आईला सांग, नाहीतर मी सांगतो." मी म्हटलं, "तू तोंड उघडलंस तर माझं तोंड बघणार नाहीस." त्याला बिचाऱ्याला काय माहीत की मी घरात भिंत धरून चालतेय. दुसऱ्या दिवशी शिमग्याची पालखी आमच्या घरी यायची होती. मी ठरवलं, पालखी होऊ दे, मग जाईन.

शिमग्यात देव आपल्या पायांनी घरी येतो असं आम्ही मानतो. अंगण सारवलेलं, रांगोळी, दारात तोरण. ढोल आळीच्या तोंडाशी आले. ओटी घरच्या सुनेने भरायची. सूप हातात घेऊन मी पायरी उतरले आणि समोर बघितलं तर दोन पालख्या. एकीला एक खेटून, दोन्ही सारख्याच नाचताहेत. डोळे मिटून उघडले. दोनच. पालखीखालचे भोईही दुप्पट. कुठल्या देवाची ओटी भरू, मला कळेना. मी हात पुढे केला आणि तांदूळ जमिनीवर सांडले. डोळे जागेवर ठरत नव्हते, आपोआप थरथरत होते. अंग डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं.

"वारं आलं!" कुणीतरी ओरडलं. "योगिनीच्या अंगात आलं!"

ढोल वाढले. कुणी माझ्या कपाळाला हळद-कुंकू फासलं. चालायला येणाऱ्या माझ्या बायका, रोज मला वजनकाट्याचे आकडे सांगणाऱ्या, पदर पसरून पुढे आल्या. एकजण विचारायला लागली, "आई, माझ्या मुलीचं लग्न कधी होईल?" मला ओरडायचं होतं की अगो, मी देव नाही, मला दोन दोन दिसतंय, मला धरा. पण लाज वाटते सांगायला, त्या भीतीतही एक गोष्ट माझ्या मनात येऊन गेली. बरं झालं, हे अंगात आल्यावर खपून जाईल. कोणी काही विचारणार नाही. असं म्हणून मी घुमत राहिले, म्हणजे पडायचं नाही म्हणून झुलत राहिले. आणि पडले.

चिमा तेवढी शहाणी. ती बोंबलली, "वारंबिरं काही नाही, तिचे ओठ बघा! उचला!" दवाखाना जवळच. मला खुर्चीवर बसवून तिकडे नेलं. अर्धी आळी मागून आली.

त्या टेबलावरचं मला स्पष्ट आठवतंय. दोन डॉक्टर वाकले होते, म्हणजे एकच, तरुण. आई सांगत होत्या, "पित्ताचं ऑपरेशन झालंय हो. बाकी काही आजार नाही. वाळूवर चालून एवढी बारीक झाली, सगळी रत्नागिरी ओळखते तिला!" दारात बायकांची गर्दी. डॉक्टर म्हणाले, "खाणंपिणं नाही, अशक्तपणा आलाय. ग्लुकोज लावा." कमळा सिस्टरने बाटली स्टँडला अडकवली. मला दोन बाटल्या दिसत होत्या. दोन्हींत पाणी हलत होतं.

माझी पाचावर धारण बसली. मॅडमचं वाक्य डोक्यात होतं. आधी काय, मग काय, तेवढं मात्र उलटसुलट होत होतं. आधी बाटली, मग इंजेक्शन? की आधी... पण एक पक्कं माहीत होतं की आता बोलायला हवं. आणि दारात त्या सगळ्या. चिमा माझा पाय चोळत होती. तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवून. आईंचा हात माझ्या डोक्यावर होता. मी बोलले तर हे सगळं संपणार. नाही बोलले तर मी संपणार. कमळाने मनगटावर शीर शोधली, कापूस फिरवला, गार लागला. बोल, बोल, बोल, मी स्वतःला म्हणत होते आणि जीभ टाळूला चिकटली होती. सुई दिसली, दोन सुया.

तिथून पुढचं काही नाही. कोरं.

जाग आली ती मोठ्या दवाखान्यात. छताचा पंखा एकच होता. एकच! मी रडायलाच लागले. म्हटलं, वाचले, आणि बाटली लागूनही वाचले, म्हणजे कुणाला काही कळलं नाही. सायंकाळी बायका भेटायला आल्या, सगळ्या पलंगाभोवती उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या नजरा खाली. मला वाटलं घाबरल्यात. मीच म्हटलं, "अगो, तोंडं काय पाडलीत? चालायचं सोडू नका हं. मी बरी झाले की परत भाट्याला. वाळूत चालण्यासारखं दुसरं औषध नाही." त्यांनी एकमेकींकडे बघितलं. चिमाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग घड्याळ बघून एकेक निघून गेल्या.

आई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझं पांघरूण नीट केलं.

"योगिनी, तूच सांगितलंस की गो त्यांना."

"काय सांगितलं?"

"सगळं. त्या टेबलावर. कमळाचा हात पिरगळलास आणि ओरडलीस, माझं जठर कापलंय, ग्लुकोज लावू नका, आधी बी-वन. तीन वेळा ओरडलीस. डॉक्टरने बाटली काढून ठेवली. चिमाने तुझ्या मोबाईलवरून, तू सांगितलंस त्या मुंबईच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं इंजेक्शन दिलं आणि मग इकडे आणलं. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं."

माझा विश्वास बसेना. ज्या गोष्टीला मी इतके दिवस जीव मुठीत धरून भीत होते, ती होऊन गेली होती आणि तेव्हा मी तिथे नव्हतेच. माझ्याच तोंडून गेली आणि मला एक अक्षर आठवत नव्हतं. मी आईंचा हात धरला. "रागावलात?"

"रागावले तर! घरी ये आधी, मग बघते तुला," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता मी घरी आहे. काठी घेऊन चालते. इंजेक्शन कमळाच देते आणि वर ऐकवते, "खडे कसे आहेत वहिनी?" देऊ दे टोमणे. गोळ्यांचे डबे देवघराशेजारी मांडलेत, आईंनीच मांडलेत. चिमा भाट्याला जाते, एकटी. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय की आठवणीवर लक्ष ठेवा, रोज काहीतरी विचारत जा. हा रोग माणसाच्या डोक्यात भोकं पाडतो आणि मग तिथे माणूस मनाचंच काहीतरी भरतो, स्वतःला खरं वाटेल असं. मग आई रोज सकाळी अंगणातून विचारतात, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. काल काय जेवलीस? सुजय कुठे आहे? आणि शेवटी, "कसलं ऑपरेशन झालं गो तुझं?" हा प्रश्न त्यांनीच घातलाय. मीही मोठ्याने उत्तर देते, वजन कमी करायचं. सुरुवातीला लाजेने जीव जायचा, आता सवय झाली.

काल सकाळी त्यांनी विचारलं. मी ओसरीवर बसून पेज पीत होते, ऊन छान पडलं होतं, डोकं एकदम स्वच्छ वाटत होतं. मी म्हटलं, "पित्ताच्या खड्यांचं."

आईंच्या हातातली केरसुणी थांबली. "योगिनी, आता कशाला गो खोटं बोलतेस?"

आणि त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हते.