चुणीदार खिसे

शितलनं दोरा इतक्या जोरात ओढला, की चुण्या एकमेकींवर चढल्या आणि दोरा मध्येच तुटला. तिसऱ्यांदा. पिवळ्या कापडाच्या उलट्या बाजूला पेन्सिलीनं मारलेले ठिपके अजून दिसत होते, ओळीनं, एकेका बोटाच्या अंतरावर. फ्रॉकचा डावा खिसा झाला होता. उजव्याच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि दौंडचे पाहुणे बारापर्यंत येणार होते.

"आजून तिथंच का?" सासूबाई, रतनबाई, दारातून म्हणाल्या. त्यांच्या हाताला बेसन लागलं होतं. "येवढुशा खिशाला येवढं कापड घातलंस. त्यात आख्खी बाही निघाली आसती."

"चुण्यांच्या स्मॉकिंगला तिप्पट कापड लागतंच, आई. दोरा ओढला की आकसतं."

"मंग साधा लावायचा. पोरीच्या जातीला खिसा लागतोय कशाला?"

सुईत नवा दोरा ओवताना शितलचा अंगठा पांढरा पडला होता. खिसा कशाला लागतो, ते या घरात सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला तिची लेक ऋतिका अंथरुणातून उठलीच नाही. मग पुण्याच्या दवाखान्यात आठ दिवस. टाइप वन डायबेटिस. सहा वर्षांच्या पोरीला रोज इन्सुलिनच्या चार सुया, जन्मभर. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलेल्या शितलला डॉक्टरांचं बोलणं पहिल्याच वेळी कळलं. घरी तिनं ते चार-चारदा समजावून सांगितलं. रतनबाईंनी त्यातून दोनच गोष्टी काढल्या. पहिली, "आमच्यात कुणाला न्हाई." दुसरी, "बाहेर कुणाला बोलू नगं."

दुसरीला कारण होतं. धाकटा दीर रविराज बत्तीस वर्षांचा झाला होता. केंदूरसारख्या गावात आठ एकर बागाईत, दोन विहिरी, झेंडूचा प्लॉट, सासरे बापूसाहेबांचं सोसायटीतलं वजन, आणि तरी तीन ठिकाणांहून नकार. पोरींना कंपनीतला नवरा हवा, शनिवार-रविवार सुटी असलेला. दौंडची अंकिता हे चौथं स्थळ. तिला रविराज पसंत होता, पत्रिका जुळली होती, आज तिच्या घरचे घर बघायला यायचे होते.

"त्यांच्या कानावर गेलं, की ह्यांच्या रक्तात साखर हाय, तर चहा पिऊनच उठत्याल," रतनबाई परवाच म्हणाल्या होत्या. "पाव्हणं येत्याल त्या दिवशी ती पिशवी पोरीच्या गळ्यात नगं."

पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या असायच्या. साखर सत्तरच्या खाली गेली, की ऋतिकाचे हात थरथरायचे, घाम फुटायचा. तेव्हा लगेच गोळी तोंडात गेली पाहिजे. नाही गेली तर काय, ते डॉक्टरांनी शितलला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

त्यावरून काल सकाळी ती नवऱ्याशी, भारतशी भांडली. तो कंपनीच्या बससाठी निघाला होता, बूट घालता घालता म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मग तिच्या शरीराला सांगून जा. एक दिवस रजा घे म्हणावं."

"तू ना, लगेच शिकलेल्या बायकांसारखं बोलतेस."

"शिकलेली बघूनच आणली होती ना?"

तो गेला. शितल त्याच दुपारी शिक्रापूरला जाऊन पाऊण मीटर जास्तीचं कापड घेऊन आली. लग्नाआधी केलेल्या शिवणक्लासातली वही काढून तिनं ठिपक्यांचा नमुना शोधला. स्मॉकिंगच्या खिशाचा एक गुण होता. त्याच्या चुण्या आधीच फुगीर असतात, आत चार गोळ्या असल्या तरी बाहेरून काही दिसत नाही. तोंडाला इलॅस्टिक घातलं, की पळतानाही काही पडत नाही. पाहुण्यांना नक्षी दिसेल, पोरीला गोळी मिळेल. यातून दुसरा मार्ग नाही, असं ती स्वतःला दर टाक्याला सांगत होती आणि दर टाक्याला तिचे दात आवळले जात होते.

शेवटची गाठ बसली तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऋतिकानं फ्रॉक घातला, दोन्ही हात खिशांत घालून आरशासमोर उभी राहिली.

"आई, हात घातला की फुगतो. बेडकासारखा."

"हो. जास्त ताणू नकोस. आत गोळ्या आहेत ते कुणाला कळू नये म्हणून तर खिसा."

अंगणातून रविराज ओरडला, "वहिनी, पाहुणे चौकात अडकल्यात. कंटेनर आडवा झालाय म्हणं. अर्धा तास तरी लागंल."

"तंवर सुईचं उरकून घे," रतनबाई म्हणाल्या. "पाहुण्यांम्होरं नगं."

शितलनं साखर मोजली. एकशे बेचाळीस. इन्सुलिनचे तीन युनिट. ऋतिकानं सवयीनं फ्रॉक वर धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग शितलनं ताट वाढलं. दोन चपात्या, मटकीची उसळ, भात.

"सगळं संपवायचं. एक घास ठेवायचा नाही."

ऋतिकानं अर्धी चपाती खाल्ली असेल नसेल, गाडीचा हॉर्न वाजला. चौक मोकळा झाला होता. रतनबाई लगबगीनं आत आल्या, त्यांनी ऋतिकाला उठवलं, तिचा हात धुतला.

"चल, आधी पाया पड सगळ्यांच्या."

"आई, तिला जेवू द्या. इंजेक्शन दिलंय, साखर उतरेल."

"ताट पळून चाललंय का? पाया पडंल आन् येईल."

"असं चालत नाही. मी किती वेळा..."

"शितल. आज न्हाई."

आवाज चढला नव्हता. उलट बसलाच होता. डोक्यावरचा पदर त्यांनी दोनदा सारखा केला. शितलनं खाली वाकून ऋतिकाचा खिसा चाचपला. गोळ्या होत्या.

"हात थरथरला की लगेच. कळलं?"

ऋतिकानं मान हलवली.

बाहेरच्या खोलीत बोलणं रंगलं होतं. अंकिताचे वडील, दोन चुलते आणि चुलती सविताकाकी. विहिरीला मे महिन्यात पाणी किती, झेंडूला पुण्यात भाव काय मिळतो, हे सगळं विचारून झालं. शितल चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली.

"आमची अंकिता सैपाक करती सगळा," सविताकाकी सांगत होत्या. "भाकरीचा तेवढा नकाशा होतोय."

"होऊ द्या," बापूसाहेब म्हणाले. "आमचा रविराज भूगोलातच तेवढा पास झालाय."

सगळे हसले. रविराज कानापर्यंत लाल झाला. भारतनं आज खरोखरच रजा घेतली होती, तो पाहुण्यांना पाण्याचे तांबे देत होता. शितलनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानं नजर तांब्यात घातली.

सविताकाकींनी ऋतिकाला जवळ ओढून घेतलं होतं. त्या तिच्या खिशावरून बोट फिरवत होत्या.

"ह्यो फ्रॉक कुठनं आणला गं? पुण्यातनं?"

"आमच्या थोरलीनं शिवलाय," रतनबाई म्हणाल्या. "हातानं. मशीन न्हाई लावली. बी.एस्सी. हाय ती."

ट्रे खाली ठेवता ठेवता शितल थबकली. सात वर्षांत हे शब्द या आवाजात शितलनं ऐकले नव्हते.

"बस की, बाई, जरा," सविताकाकींनी सरकून जागा केली. "मी बी क्लास केला व्हता लग्नाआधी. समदं जमलं, ह्याची वढ काय जमली न्हाई. एक तर चोळामोळा व्हायचा, न्हाईतर सैल."

"दोरा जोरात ओढायचा नाही, काकी," शितल म्हणाली. "कापड दोऱ्यावर सरकवत न्यायचं. आणि ठिपके उलट्या बाजूनं मारायचे."

"उलट्या? तिथंच मी चुकली बघ!"

शितल बसली. मग पेन्सिल आणून तिनं जुन्या पेपरावर ठिपके काढून दाखवले. एक ओळ सोडून टाका कसा घ्यायचा, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी कुठून सुरू होते, इलॅस्टिक आधी का नाही लावायचं. सविताकाकी मन लावून ऐकत होत्या, मध्येच चुलत्यांना म्हणाल्या, "ऐका, पोरगी देताना घरात कोण हाय ते बघावं." रतनबाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. शितलनं आणखी एक ओळ काढली. सकाळपासून आवळलेले तिचे दात सुटले होते. ती हसतसुद्धा होती.

ओळ पूर्ण करून तिनं नमुना म्हणून दाखवायला खिशाकडे हात केला, तेव्हा तिला ऋतिका दिसली.

ऋतिका भिंतीला टेकून उभी होती. उजवा हात मनगटापर्यंत खिशात. डोक्यावर पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ती शितलकडे बघत होती, पण तिच्या मागं कुठंतरी.

शितल उठली. पेन्सिल खाली पडली.

"झोप आलीय हिला," ती म्हणाली आणि पोरीला उचलून आत गेली. ते खोटं आपणच बोललो, हे तिला स्वयंपाकघराचं दार लोटल्यावर कळलं.

यंत्रावर आकडा आला. एक्कावन्न.

खिशातला हात ओढून काढावा लागला. मूठ उघडली तर आत दोन गोळ्या होत्या, घामानं विरघळलेल्या. तळहात नारिंगी आणि चिकट झाला होता. शितलनं पुडीतल्या नव्या गोळ्या तिच्या तोंडात घातल्या, एक, दुसरी, तिसरी, जबड्यावर बोट ठेवून, "चाव. चाव, बाळा. गीळ." ऋतिकानं चावल्या. थोड्या वेळानं तिची नजर जागेवर आली.

"हातात होती ना गोळी?" शितलचा आवाज तिच्याच कानाला परका लागला. "मग खाल्ली का नाहीस?"

"त्या काकी बघत होत्या."

"बघू दे की! बघू दे ना!"

"कळलं असतं," ऋतिका जड जिभेनं म्हणाली. "तूच म्हणालीस ना. कुणाला कळू नये म्हणून खिसा."

शितलनं ओला फडका घेतला आणि तिचा तळहात पुसायला लागली. नारिंगी डाग गेला. ती पुसत राहिली. सकाळपासून कुणाकुणाला काय सुनवायचं, ते तिनं टाक्याटाक्याला ठरवून ठेवलं होतं. रतनबाईंना काय, भारतला काय. त्यातलं एकही वाक्य आता सापडत नव्हतं. ती तळहात पुसत राहिली, बोटांच्या बेचक्या, मनगट, पुन्हा तळहात.

"आई, दुखतंय."

तिनं फडका मोरीत फेकला.

दार किलकिलं झालं. रतनबाई आत आल्या. त्यांनी आधी ऋतिकाकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"किती?"

"एक्कावन्न."

आकड्याचा अर्थ त्यांना कधीच लागला नव्हता. पण त्या शितलच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि तिथं लागला असावा. त्यांनी ओट्याला हात टेकला.

"आता बरी हाय ना?"

"पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. मग कळेल."

"झोपली म्हणून सांगितलंय मी. हितंच ठेव तिला. ताटं घेतल्यात, तू जरा वाढाय..."

शितलनं वर पाहिलं. रतनबाईंनी वाक्य सोडलं, श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि त्या बाहेर गेल्या.

पंधरा मिनिटं शितल फरशीवर बसून होती, पोरगी मांडीत, डोळे घड्याळावर. बाहेर ताटांचे, वाट्यांचे आवाज येत होते. कुणीतरी आग्रह करत होतं, कुणीतरी नको नको म्हणत होतं. लग्न कोणत्या महिन्यात धरायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं. बापूसाहेब मोठ्यानं हसले. काटा पुढं सरकला.

वेळ झाली, तेव्हा तिनं यंत्राची पेटी उचलली. ऋतिकाला कडेवर घेतलं. आतल्या खोलीचं दार डाव्या हाताला होतं. ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली.

पुरुष जेवायला बसले होते. सविताकाकी पलंगावर होत्या.

"काकी, जरा सरकता का?"

खिडकीचा उजेड जिथं पडत होता, तिथं ती बसली. पेटी उघडली, पट्टी लावली, ऋतिकाचं बोट पुसलं. सुईचा टक् आवाज झाला. तो त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. भारतचा घास हातात राहिला. रविराजनं दाराकडे बघितलं, जणू कुणी उठून चाललंच आहे. बोटावर रक्ताचा गोल थेंब आला.

"चौऱ्याण्णव," शितल म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, पण स्पष्ट.

"अगं बया, हे काय गं?" सविताकाकी पुढं वाकल्या. "येवढ्याशा पोरीला? कवापासनं?"

"काय न्हाई ओ, आशक्तपणा हाय जरासा," रतनबाई पातेलं घेऊन पुढं झाल्या. "पाव्हणं, श्रीखंड घ्या ना. तुम्ही काय खाल्लंच न्हाई..."

शितलनं तोंड उघडलं होतं.

"दिवाळीपासून," ऋतिका म्हणाली. "मला डायबेटिस हाय. रोज चार सुया." तिनं बोट तोंडात घालून रक्त चोखलं आणि रतनबाईंकडे बघितलं. "आन् आज्जी, मी जेवलेच न्हाई. माझं ताट आतच हाय."

अंकिताच्या वडिलांनी घास ताटात परत ठेवला. ते बापूसाहेबांकडे बघत होते आणि बापूसाहेब पाण्याच्या तांब्याकडे.

ताट आणायला कुणीतरी उठायला हवं होतं. भारतनं शितलकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा शितलकडे. रतनबाई पातेलं धरून मधोमध उभ्या होत्या. पळीतलं श्रीखंड थेंबाथेंबानं फरशीवर पडत होतं.

शितलनं पेटीचं झाकण लावलं, लेकीला मांडीवर नीट घेतलं आणि ताट कोण आणतंय ते बघत बसून राहिली.