दोघांपुरती गाडी

घरगाड्या विकणाऱ्याच्या त्या मैदानात मर्ल आणि लवॉन व्होपात पुन्हा एकदा येऊन उभे होते. मर्ल धान्याच्या कोठारावरच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता. नेब्रास्काचा हिवाळा आता हाडांना सोसत नाही, तेव्हा मागे घर जोडून देशभर हिंडू, असं दोघांचं ठरलं होतं. फिफ्थ-व्हीलच घ्यायची, पिकअपच्या हौद्यात मान टाकून मागे येणारी, यावरही वाद नव्हता. अडलं होतं दोन गाड्यांत.

एक खास जोडप्यांसाठी केलेली. मागे भलीमोठी खिडकी, तिच्यासमोर शेजारी-शेजारी दोन आरामखुर्च्या, छोटं स्वयंपाकघर, पुढे पायऱ्या चढून गेलं की पलंग. दुसरी तिच्याहून बरीच लांब. तिच्यात मागे एक वेगळी खोली होती, आणि त्या खोलीत एकावर एक दोन बर्थ.

मर्लला पहिली आवडली होती. लवॉन मात्र दर वेळी दुसरीत शिरायची आणि मागच्या खोलीत जाऊन बर्थवर हात फिरवत उभी राहायची.

"ही ओढताना आपला पिकअप धापा टाकेल," मर्ल म्हणाला. "डोंगरात तर विचारूच नकोस."

"डोंगरात हळू जाऊ. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?"

दारात उभा असलेला विक्रेता, कॉर्विन त्याचं नाव, हसला. "नातवंडं किती तुम्हाला?"

"दोन," लवॉन म्हणाली. "ब्रिटा सात वर्षांची आणि कोल्ट पाचचा. वरचा बर्थ मलाच म्हणून हटून बसेल तो. पण मी खालीच झोपवणार. झोपेत फार लोळतो."

मर्लने तिच्याकडे वळून पाहिलं. ब्रिटा आता अकरा वर्षांची होती आणि कोल्ट नऊचा. लवॉन सांगत होती ती वयं होती कर्ट गेला त्या हिवाळ्यातली. कर्ट त्यांचा एकुलता एक मुलगा. बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि सगळं संपलं. पुढे सून शॉना मुलांना घेऊन बहिणीकडे आयडाहोला गेली, तिथे तिने लग्न केलं. माणूस चांगला होता. आधी दर रविवारी फोन यायचे, मग सणावारी, मग नुसती नाताळची कार्डं. कोणी कोणाला वाकडा शब्द बोललं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं, असं मर्लला कधीकधी वाटायचं.

तो तिला बाहेर घेऊन आला. "आधी शॉनाला विचारू या."

"विचारायचं काय त्यात? आजी-आजोबा आहोत आपण."

"तरीसुद्धा विचारू."

पिकअपमध्ये बसून लवॉनने फोन लावला. मर्ललाही ऐकू यावं म्हणून तिने तो दोघांच्या मध्ये धरला. शॉना मनापासून बोलली. गाडी घेताय हे फार छान, उन्हाळ्यात इकडे या, नक्की या.

"आणि मुलांना आठवडाभर आमच्याबरोबर नेलं तर?" लवॉनने विचारलं. "मागे त्यांच्यासाठी खोली आहे गं वेगळी."

शॉनाचा आवाज हळू झाला. "आई, खरं सांगू का? कोल्टला तुम्ही फारशा आठवतही नाही. त्याला असं एकदम परक्या..." ती अडखळली. "परक्या जागी त्याला झोप येत नाही, असं म्हणायचंय मला."

"हो गं. कळलं मला."

"ब्रिटा आहे इथे. देते तिला."

फोनवर थोडी खुसपुस झाली. मग एक मोठ्या मुलीचा आवाज आला. "हॅलो, लवॉन आजी. तुम्ही कशा आहात?"

पूर्वी लवॉन नुसती आजी होती. आता नव्या बाबांची आई जवळच राहायची, आजी ती झाली होती. आणि ब्रिटाने लवॉनला याआधी कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"मी बरी आहे, राणी," लवॉन म्हणाली. "शाळा कशी चाललीय?"

शाळा छान चालली होती. आणखी काय विचारावं ते लवॉनला सुचेना. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मैदानावरच्या गाड्यांकडे बघत राहिली. मग उतरली आणि सरळ कॉर्विनच्या टेबलाशी गेली.

"ती दोन खुर्च्यांची द्या आम्हाला."

"लवॉन, मोठी घेऊ," मर्ल मागून येत म्हणाला. "ओढेल पिकअप. मी उगाच कुरकुर करत होतो."

"नको. मागची रिकामी खोली रोज झाडायला लागेल मला."

मर्लने चेकबुक काढलं.

जूनमध्ये ते आयडाहोला गेले. शॉनाच्या गावापासून थोडं दूर, एका तळ्याकाठी गाडी लावली. शनिवारी दुपारी शॉना मुलांना घेऊन आली. लवॉनने पहाटेपासून खपून कोलाचे नावाचे गोड पाव भाजले होते, मधे प्लमचा गोड गोळा घातलेले, कर्टला आवडायचे तसे. ब्रिटाने "थँक्यू" म्हणून दोन खाल्ले आणि ती आईजवळ बसून राहिली. कोल्टला आजोबांचा गळ दिसला.

दोघे तळ्यावर गेले. गळ टाकून काठावर बसले. मग पाण्याकडे बघतच त्याने विचारलं, "माझे पहिले बाबा मासे पकडायचे?"

"पकडायचा कसला! त्याचा गळ नेहमी माझ्या टोपीत अडकायचा."

कोल्ट हसला. हसताना त्याने मान एका बाजूला टाकली, अगदी कर्टसारखी. मर्लला गळाचा दोरा उगाच सारखा करावा लागला.

"अजून सांगा ना," कोल्ट म्हणाला.

मर्ल सांगत राहिला. ते परतले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शॉना किल्ली हातात घेऊन उभी होती. कोल्ट थेट तिच्यापाशी गेला. "मी आज इथेच झोपू?"

उत्तराची वाटही त्याने पाहिली नाही. कोल्ट गाडीत चढला, आरामखुर्च्यांमधून पुढे गेला, पलंग बघून आला. "मी कुठे झोपायचं?"

"आमच्या पलंगावर झोप, माझ्याजवळ," लवॉन घाईघाईने म्हणाली. "आजोबा खाली झोपतील. त्यांना चालतं."

"झोपेन की," मर्ल म्हणाला.

"अहो, तुमची कंबर," शॉना हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. "कोल्ट, जागा कुठे आहे बघ. ही दोघांपुरतीच गाडी आहे. पुढच्या वेळी, हं?"

पोराने मान हलवली. नऊ वर्षांच्या मुलाला हट्ट किती ताणायचा ते कळतं. जाताना त्याने मर्लच्या पोटाला मिठी मारली, आणि मग जरा थांबून लवॉनलाही.

धूळ बसेपर्यंत दोघे रस्त्यावर उभे राहिले.

"माझ्यामुळे झालं," मर्ल म्हणाला. "मी पहिल्यापासून लहान, लहान करत होतो."

"निवड मी केली, मर्ल. तुझ्यावर नको घेऊस." ती आत गेली. नळाचा आवाज येत राहिला, बशा धुऊन व्हायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ.

ते आणखी थोडे दिवस तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी शॉनाचा निरोप आला की कोल्टचा बेसबॉलचा सामना आहे, आणि त्यानंतर आला की सगळे नव्या आजीकडे चाललेत. लवॉनने दोन्ही वेळा "मजा करा" असं उत्तर पाठवलं. मग एका सकाळी मर्लने गाडी पिकअपला जोडली आणि ते निघाले.

घाट उतरून सपाटी लागली. लवॉन खिडकीबाहेर बघत होती.

"कोल्टने कोलाचे खाल्ले, पण मधला प्लम काढून ठेवला," ती म्हणाली. "पाहिलंस?"

"नाही."

"जर्दाळू घालायला हवा होता. त्याला प्लम आवडत नाही, मला कुठे माहीत होतं."

मर्लने तिचा हात हातात घेतला आणि एका हाताने गाडी चालवत राहिला.